लोडायची झिनफांडेल आणि तिच्या दांडग्या बहिणी: काही महिन्यांनंतरचा अनुभव

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात वाइनचा विषय निघाला की जो तो शेजारच्या नापा खोऱ्याकडे बोट दाखवतो. आमच्या घरी मात्र गेल्या हिवाळ्यापासून तीन रेड वाइन आलटूनपालटून येतायत: कॅलिफोर्नियातल्याच लोडायची झिनफांडेल, नापाची कॅबर्ने सोव्हिन्यों आणि पेटीट सिरा. रोजच्या जेवणासाठी माझं मत लोडायला.

झिनफांडेलचा घड एकसारखा पिकत नाही. त्याच घडात काही मणी अजून आंबट, तर काही सुकून मनुका झालेले. ती सगळी साखर वाइनमध्ये उतरते, त्यामुळे अल्कोहोल सहज १५ टक्क्यांपर्यंत जातं. ग्लास नाकाशी नेला की आधी पिकलं जांभूळ, मग मनुका, आणि घोट गिळल्यावर घशात मिरपूड. पण बाटली गार हवी. २५ अंशांच्या खोलीत तशीच ओतलीत तर नाकाला नुसता स्पिरिटचा झणका. तासभर फ्रिजमध्ये ठेवून १८ अंशांच्या आसपास आणा, मग फळ कळतं.

हे द्राक्ष अस्सल कॅलिफोर्नियाचं म्हणून मिरवतं, पण मूळ गाव क्रोएशिया. २००१ मध्ये डीएनए तपासणीने ते सिद्ध झालं. लेबलवरच्या ‘ओल्ड व्हाइन’ला भुलू नका, किती वर्षांची वेल म्हणजे जुनी, हे अमेरिकेच्या कायद्यात कुठेच ठरलेलं नाही. लोडायला शंभरी पार केलेल्या वेली खरोखर आहेत, म्हणून लागवडीचं साल छापलेली बाटली मी आधी उचलते.

पेटीट सिरा हे वेगळंच प्रकरण. मणी बारीक, रस कमी, सालच जास्त. म्हणून रंग शाईसारखा. ग्लास तिरका केला तर कडेलाही जांभळाच, आणि दुसऱ्या ग्लासानंतर दातही. पहिल्या दिवशी हिरड्या आवळून धरते. बूच लावून ठेवली की दुसऱ्या दिवशी बरीच निवळते, तेव्हा सुक्या मटणाबरोबर घ्यावी. मटणातली चरबी तुरटपणा खाली बसवते. तांबड्या रश्श्याबरोबर मात्र या तिघींपैकी एकही नको! तिखटावर एवढं अल्कोहोल म्हणजे जिभेची आग.

कॅबर्ने उत्तमच. १९७६ च्या पॅरिसमधल्या वाइन-चाचणीत नापाच्या स्टॅग्ज लीप वायनरीच्या १९७३ च्या बाटलीने फ्रान्समधल्या बोर्दोच्या नामवंत वाइन्सना मागे टाकलं, तेव्हापासून नापाचा भाव वधारला तो वधारलाच. काळं करंट (एक आंबटगोड बेरी), देवदार, नव्या ओकच्या पिंपातला व्हॅनिला, सगळं जागच्या जागी. पण शंभर डॉलरची बाटली बुधवारच्या वरणभातानंतर उघडायला माझा हात होत नाही. कॅबर्नेच हवी तर कॅलिफोर्नियातल्याच पासो रोबल्सची बघा. जरा रांगडी, खिशाला सोसवणारी.

एक तक्रार लेबलबद्दल. अल्कोहोल १४ टक्क्यांच्या वर असेल तर छापील आकड्यात एक टक्क्याची सूट अमेरिकेच्या कायद्यानेच दिलीय. म्हणजे १४.५ वाचून दुसरा ग्लास भरताना आत १५.५ असू शकतं. गाडी चालवायची असेल तर एकावरच थांबा.