अर्ज करायचा की वाट पाहायची?
मिशिगनमधला भाचा विचारतोय: मामा, जुना किरकोळ गुन्हा नोंदीतून काढायला अर्ज करू, की एप्रिल २०२३पासून सुरू झालेल्या आपोआप सफाईची वाट बघू?

वेळ: साध्या किरकोळ गुन्ह्यासाठी ३ वर्षांनी अर्ज करता येतो. आपोआप व्हायला ७ वर्षं, गंभीर गुन्ह्याला १०.

खटपट: अर्जाला ५० डॉलर, निकालाची प्रमाणित प्रत, बोटांचे ठसे, वर कोर्टाची पायरी. ठसे देताना पुन्हा आरोपी झाल्यासारखं वाटतं, ते वेगळंच. आपोआपला छदामही नाही.

व्याप्ती: दारू पिऊन गाडी चालवल्याची पहिली शिक्षा फक्त अर्जानेच निघते.

नोकरी अडली असेल त्याने अर्ज करावा; सात वर्षं भरत आली असतील त्याने थांबावं. ग्रीन कार्डवाल्याने मात्र आधी वकील गाठावा: इमिग्रेशनवाले पुसलेली शिक्षाही सहसा धरतातच.