फिरता दवाखाना की पाड्यातली सोबतीण?

मुंबईत आरे किंवा राष्ट्रीय उद्यानातल्या आदिवासी पाड्यांवर गरोदर बायकांसाठी काही करायचं ठरलं, की मंडळं, ट्रस्ट आणि कॉलेजचे गट आमच्याकडे चौकशीला येतात. बहुतेकांपुढे दोनच वाटा असतात. महिन्यातून एकदा डॉक्टरीणबाईंना घेऊन गाडी न्यायची, किंवा पाड्यातल्याच एखाद्या जाणत्या बाईला मानधन देऊन बाळंतपणाची सोबतीण म्हणून उभं करायचं. गोरेगावातल्या आमच्या मंडळाने दोन्ही केलं. दोन्हींना पैसे पुरेनात, तेव्हा एक ठेवलं.

गाडीला कमी लेखू नये. हिमोग्लोबिन, रक्तदाब, लघवी सगळं दारात तपासून होतं. गरोदरपणात हिमोग्लोबिन अकराच्या खाली म्हणजे रक्तक्षय आणि सातच्या खाली म्हणजे धोका, हे आपल्याला माहीत असतं. पण नुसतं चेहऱ्याकडे बघून साडेसहा आणि साडेनऊ यांतला फरक कुणालाच सांगता येत नाही. शिवाय गाडीपाशी पोटुशी बाई एकटी येत नाही, तिची सासूही येते. अंग बाहेर येतंय, अंगावरून पांढरं जातंय, ही वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली दुखणी तिथे पहिल्यांदा बोलली जातात. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेली पाहणी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. तपासलेल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. मुंबईच्या पोटातल्या पाड्यांवरही, आम्ही पाहिलं तेवढ्यात, चित्र फार वेगळं वाटलं नाही.

आणखी एका बाबतीत गाडी सरस आहे. पाळणा लांबवायचा असेल किंवा गर्भ ठेवायचा नसेल, तर बाई परक्या डॉक्टरीणबाईंशी जास्त मोकळं बोलते. सोबतीण बहुधा नात्यातलीच असते, आणि घरात कळेल ही धास्ती खरी असते.

तरी गाडी मागे पडली ती चिठ्ठीमुळे. डॉक्टरीणबाई तपासायच्या, रक्त कमी असलं की चिठ्ठी लिहून द्यायच्या, ‘मोठ्या दवाखान्यात दाखवा’. बाई एक दिवसाची भाजीविक्री किंवा घरकाम बुडवून, दोन बस बदलून तिथे पोचायची. खिडकीवर पहिला प्रश्न यायचा, ‘नाव कुठे घातलंय?’ नाव घातलेलं नसायचं. आमची चिठ्ठी बाजूला ठेवली जायची, नवा केस पेपर निघायचा, त्याच तपासण्या पुन्हा आणि सोनोग्राफीची तारीख पुढची. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं. दुपार झाली की ती परत निघायची आणि बरेचदा पुन्हा जायची नाही. पुढच्या महिन्यात गाडीत नव्या डॉक्टरीणबाई असत, त्यांच्यापुढे पहिल्यापासून तीच कहाणी आणि शेवटी पुन्हा तशीच चिठ्ठी. वर या बायकांना स्वतःच्या तब्येतीचं काही पडलेलं नाही, असं कुणी म्हणालं की मला आजही राग येतो. पाड्यापासून प्रसूतिगृह काही डोंगरापलीकडे नाही. बाई अडते ती खिडकीवर, आणि गाडी त्या खिडकीपर्यंत जात नाही.

सोबतीण जाते. आमच्याकडच्या दोघींची स्वतःची बाळंतपणं पालिकेच्याच दवाखान्यात झालेली. कुठली रांग केस पेपरची, रक्ताचा रिपोर्ट कुठे मिळतो, जेवणाची सुट्टी कधी होते, हे त्यांना पाठ आहे. तिसऱ्या महिन्यातच त्या नाव घालून आणतात. आपली वारली बोली बोलणारं माणूस शेजारी असलं की पहिलटकरीण घाबरून पळत नाही. जननी सुरक्षा योजनेचे शहरी भागातले ६०० रुपये असोत की मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाचे ५,०००, कागद जुळवायला कुणी बसलं तरच ते खात्यात येतात. जातीचा दाखला काढायचा तर १९५० पूर्वीचा पुरावा शोधण्यापासून सुरुवात. गरोदर बायकांना गरम जेवण देणारी राज्याची अमृत आहार योजना अनुसूचित क्षेत्रासाठी, म्हणजे आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या पट्ट्यासाठी आहे. मुंबई त्यात येत नाही, त्यामुळे ते गरम ताट इथे नाहीच. म्हणून जे मिळू शकतं ते सुटू नये, याची आम्हाला जास्त काळजी वाटते.

कळा रात्री सुरू झाल्या, तर १०८ च्या रुग्णवाहिकेला पाडा सापडत नाही. घरांना नंबर नसतात. तेव्हा रस्त्यावर बॅटरी घेऊन उभी राहते ती सोबतीण. बाळंतपणानंतरचंही तसंच. नवजात बाळांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यात होतात, आणि महिन्याने येणारी गाडी तो आठवडा हमखास चुकवते.

तुम्ही अभ्यास मागाल, तर तो दोन्ही बाजूंनी आहे. झारखंड-ओडिशातल्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत ‘एकजुट’ या संस्थेने स्थानिक बायकांकरवी आई-बाळाच्या आरोग्यावर महिलांच्या बैठका घेतल्या. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी दिसले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये तसाच प्रयोग झाला, त्याचा निकाल २०१२ मध्ये आला आणि तिथे मात्र ठोस फरक दिसला नाही. माझा आपला समज असा, की या शहरात नुसत्या बैठकीने भागत नाही, कुणीतरी हात धरून दवाखान्यात न्यावं लागतं. जाणकारांना हे पटेलच असं नाही.

पालघर जिल्ह्यात मोखाडा-जव्हारकडे काम करणार असाल तर माझं ऐकू नका. तिथे अंतर खरंच आडवं येतं आणि गाडीचा हिशेब वेगळा लागतो. मुंबईत मात्र आमच्या गाडीच्या एका फेरीत सोबतिणीचं महिन्याचं मानधन निघत होतं. मानधन वेळेवर द्या, बसभाडं आणि फोनचं रिचार्ज वेगळं द्या, आणि पालिकेच्या आरोग्य स्वयंसेविकेशी तिची पहिल्याच आठवड्यात गाठ घालून द्या, नाहीतर दोघींत विनाकारण ताण येतो. पैसे उरले तर गाडीही न्या, पण तिचा दिवस आणि वेळ सोबतिणीला ठरवू द्या. आमच्याकडे पैसे उरतात तेव्हा गाडी आता बायका कामावरून परतल्यावर, संध्याकाळी लागते.