आठ जण, दीडशे पानं आणि येसराचा डबा

गेल्या जूनपासून आमच्या वाचनगटात एक नियम चालू आहे. पुस्तक दीडशे पानांच्या आतलं पाहिजे, नाहीतर खाण्यापिण्याचं पाहिजे. नियम मी काढला, तेव्हा त्याचा हिशेबही मीच द्यावा असं बाकीच्यांचं म्हणणं पडलं. नऊ महिने वापरून झालाय, आता बोलायला हरकत नाही.

आधी गटाविषयी थोडं. लातुरात क्लासेसच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर बायोलॉजीच्या नोट्सचे गठ्ठे काढायचे. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यांतूनच गट जमला. एक निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो. औशाकडच्या वाड्यात वाढलेल्या काकू. दोन शिक्षिका, एक विमा एजंट, मेडिकलवाले भाऊ, नीटची तिसऱ्यांदा तयारी करणारा एक पोरगा आणि मी. महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी, पाळीपाळीनं एकेकाच्या घरी जमतो. कुणीतरी उजनीची बासुंदी आणतंच, त्यामुळे हजेरीचा अर्धा प्रश्न तिथंच सुटतो.

उरलेला अर्धा काही केल्या सुटत नव्हता. नियमाच्या आधी आम्ही साडेसातशे पानांची एक कादंबरी घेतली होती. नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. तीन महिन्यांत कुणी दोनशेच्या पुढं सरकलं नाही. फोन केला की "वाचायलो की ताई, संपू द्या," एवढंच. ज्यांचं वाचून झालं नाही ते लाजेनं येईनात, आणि ज्यांचं झालं होतं असं कुणी नव्हतंच. एका रविवारी मी आणि मेडिकलवाले भाऊ दोघंच समोरासमोर बसलो, मध्ये एक किलो बासुंदी. त्या दिवशी नियम सुचला.

पहिलं पुस्तक रा. रं. बोराडे यांचं 'पाचोळा'. लेखक आपल्याच जिल्ह्यातल्या काटगावचे, कादंबरी १९७१ ची, दोन बैठकांत संपणारी. गंगाराम शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको पार्वती सांगते, आणि सांगते ती आपल्याकडच्या बोलीत. इथं पहिला धडा मिळाला. पोरग्याला ती बोली डोळ्यांनी वाचता येईना. घरी तसंच बोलतो, पण छापलेलं बघायची सवय नाही. मग काकूंनी मोठ्यानं वाचायला घेतलं. चार पानं झाली आणि तो म्हणाला, "काकू, हे तर माझी आज्जी बोलायलीय." आठही जणांचं पुस्तक पूर्ण झालं होतं, असं त्या आधी कधी घडलं नव्हतं.

जुलैत अख्खं पुस्तक घ्यायचं सोडून एकच कथा घेतली, भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल'. टोमॅटोचा भाव पडतो आणि शेतकरी भर बाजारात आपलाच माल पायाखाली तुडवतो, एवढीच गोष्ट. तिथल्या तिथं वाचून झाली आणि बोलणं साडेनऊपर्यंत चाललं. आमच्यात निम्म्यांच्या घरी शेती आहे. विमा एजंटनं कोथिंबिरीच्या जुड्या मोंढ्यात तशाच टाकून आल्याचं सांगितलं. गाडीभाडंही निघणार नव्हतं म्हणून परत आणल्या नाहीत. नवीन गट काढणाऱ्यांनी मला विचारलं तर मी आजही इथूनच सुरुवात करा म्हणेन. पुस्तक मिळवायची यातायात कमी, आणि वाचून आला नाही म्हणून कुणी बाजूला पडत नाही.

प्रती मिळवणं ही मात्र खरी डोकेदुखी आहे. एका पुस्तकाच्या आठ प्रती लातुरात एका वेळी मिळतील ही आशा सोडा. दोन वाचनालयातून, तीन टपालानं, उरलेल्यांनी वाटून वाचायचं. दर महिन्याला कुणीतरी हळूच म्हणतं, "ताई, तुमचंच तर मशीन आहे." झेरॉक्सवाली असूनही मी अख्खं पुस्तक काढून देत नाही, यावरून माझी रोज चेष्टा होते. होऊ द्या.

ऑगस्ट आणि सप्टेंबरला 'रुचिरा' घेतलं. कमलाबाई ओगले यांचं, १९७० साली पहिल्यांदा निघालेलं. पाककृतींचं पुस्तक वाचनगटात घ्यायचं म्हटल्यावर सर हसले होते. पण प्रती गोळा करायची गरजच पडली नाही, पाच घरांत ते आधीच होतं. एका शिक्षिकेनं सासूची प्रत आणली. पानं तेलानं पारदर्शक झालेली, समासात पेन्सिलनं 'तिखट दुप्पट' आणि एका ठिकाणी 'हे ह्यांना आवडले नाही'. सासूबाई आता नाहीत. आम्ही पाककृती बाजूला ठेवून समासच वाचत बसलो. सगळी मापं वाटी-चमच्यात, त्यामुळे कुणाची वाटी केवढी यावर अर्धा तास वाद झाला. पोरग्यानं मेसच्या डब्याला कंटाळून त्यातला एक साधा भात रूमवर करून बघितला आणि फोटो टाकला. भात करपला होता, पण नीटच्या मार्कांपेक्षा जास्त अभिमानानं टाकला होता.

नियमातली खोट ऑक्टोबरमध्ये कळली. शरणकुमार लिंबाळे यांचं आत्मकथन 'अक्करमाशी', १९८४ चं, हाताला हलकं. दीडशेच्या नियमात अगदी बसतं म्हणून मी बिनधास्त सुचवलं. सहा जणांनी दोन-तीन रात्रींत संपवलं, आणि बैठकीत कुणी तोंड उघडेना. शेणातून निवडलेले ज्वारीचे दाणे धुऊन, दळून त्याची भाकरी होते, ते पान सगळ्यांनी वाचलेलं होतं. बासुंदी त्या दिवशी तशीच राहिली. चहा झाला, लोक उठले. पानं मोजून वजन कळत नाही, एवढं मला त्या रविवारी समजलं. अशा पुस्तकाला दोन बैठका ठेवायला हव्या होत्या. पहिली नुसती बसायची, दुसरी बोलायची. आम्ही ठेवली नाही. नोव्हेंबरात दिवाळी आली, तो महिना गेलाच, आणि विषय राहून गेला.

डिसेंबरात वेळ अमावस्या, शेतात जाऊन पूजा आणि जेवण करायचा आपल्याकडचा सण. मेडिकलवाल्या भाऊंच्या शेतात कडब्याची कोप, पूजा, भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर. पंगत उठल्यावर कोपीच्या सावलीत मी पु. ल. देशपांडे यांचा 'माझे खाद्यजीवन' हा लेख वाचायला घेतला. खाण्याचा लेख, खाण्याचा सण, मला वाटलं बेत जमला. तिसऱ्या पानावर विमा एजंट घोरायला लागला. जागे होते ते मनापासून हसले आणि हसून झाल्यावर विषय संपला. लेखात कमी काहीच नाही. पण हसवणारं लिखाण घरी एकट्यानं वाचावं किंवा जेवायच्या आधी वाचावं, गटात त्यावर बोलायला फारसं उरत नाही, असं माझं मत झालंय. काकूंना ते मान्य नाही. त्या म्हणतात, आंबिलीचा माठ आधी काढला ही माझी चूक.

जानेवारीत ते पुस्तक घेतलं ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म', २०१५ चं. २०२४ मध्ये इंग्रजीतही गेलं, 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा' या नावानं. पातळ नाही, पण खाण्याच्या कलमात बसतं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांत काय शिजत होतं, का शिजत होतं आणि ते बाकीच्या पुस्तकांत का नव्हतं, याची ही नोंद. पाककृती आहेत, पण नुसतं त्यासाठी घेणाऱ्याची फसगत होईल. आम्ही सुरुवातीचं विवेचन सगळ्यांनी वाचायचं आणि पुढचं प्रत्येकानं आपल्या आवडीचं निवडून त्यातला एक पदार्थ करून आणायचा असं ठरवलं. वाटणी झाली तेव्हा सगळ्यांनी भाज्या, पालेभाज्या आणि भाकरी उचलल्या. मांसाची पानं कुणीच घेतली नाहीत. हे वाटणी संपल्यावर लक्षात आलं आणि तेव्हा ते म्हणायला कुणी धजलं नाही. मीसुद्धा नाही.

सर आठ महिन्यांत मोजून दहा वाक्यं बोलले असतील. त्या दिवशी पुस्तकातल्या चान्यांवर, म्हणजे मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवतात त्यावर, विषय आला. एका शिक्षिकेनं, हे आपल्याकडं होतं हे माहीतच नव्हतं असं म्हटलं. सर म्हणाले, "दोरीवर वाळत घातल्या की कावळे हाकलायचं काम माझ्याकडं असायचं. शाळेला उशीर व्हायचा त्यानं."

काकू जरा वेळानं बोलल्या. "आमच्या माळवदावरनं दिसायचं ते. आई म्हणायची, तिकडं बघू नको."

"तुमचं माळवद आम्हालाबी दिसायचं," सर म्हणाले. दोघांची गावं वेगळी, पण त्या वाक्याला गावाचं नाव लागत नव्हतं.

त्यानंतर तास-दीड तास जे बोलणं झालं ते इथं लिहिणार नाही, ते त्या खोलीतलं आहे. पण ऑक्टोबरात अडकलेलं 'अक्करमाशी' त्या दिवशी आपोआप बाहेर आलं. ते आधी वाचलं होतं म्हणून हे बोलता आलं की यामुळे ते उलगडलं, सांगता येत नाही. क्रम मात्र हाच ठेवा, असं मी सांगेन.

फेब्रुवारीची बैठक सरांनी स्वतः मागून घेतली. आठातले सहा जण आलो. दोघांनी निरोप पाठवले, त्यांतल्या एकाला खरंच काम होतं. वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी केली होती. येसर म्हणजे धान्य, डाळ आणि मसाले भाजून केलेलं पीठ, कालवणाला दाटपणा आणि चव दोन्ही त्यानंच येते. काकूंनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "आमच्याकडंबी येसर करतात ओ, पण तुमचा असा खमंग कामून लागायला?" वहिनी म्हणाल्या, "धने शेवटी भाजते, बाकीच्याबरोबर नाही." पुस्तक त्या दिवशी कुणी उघडलं नाही. माझ्या नियमात ही बैठक वाया गेली असं धरायला पाहिजे.

आता नियमाचं काय. दीडशे पानांची अट सैल केलीय, खाण्याची ठेवलीय. पुस्तक निवडताना मी हल्ली एवढंच बघते, की न वाचता आलेल्या माणसालाही त्यात स्वतःचं काही घालता येईल का, आणि आमच्यातलं कुणी त्यावर गप्प बसेल का. गप्प बसणार असेल तर ते घ्यायचं, पण दोन रविवार राखून. बासुंदी दुसऱ्या रविवारी.

निघताना वहिनींनी काकूंना डबाभर येसर दिला. डबा रिकामा परत करायचा नसतो, त्यामुळे त्यात काय भरून द्यावं याचा काकूंना आठवडाभर घोर लागलाय. मार्चची बैठक त्यांनी वाड्यात मागितलीय. सर आणि वहिनी दोघंही येणार आहेत. पुस्तक अजून ठरायचंय.