उघडी खाच की टँगवरचे भोक?

काउबॉय ॲक्शन शूटिंगमध्ये, म्हणजे जुन्या काउबॉय काळातल्या धाटणीच्या बंदुकांनी खेळायच्या नेमबाजीत, लक्ष्य असते मोठी लोखंडी पाटी, तीही जवळ. घड्याळ चालू असते आणि विंचेस्टर १८७३ च्या धाटणीच्या लिव्हर रायफलीतून (मुठीखालचा दांडा हलवून पुढची गोळी भरायची रायफल) दहा गोळ्या झाडायच्या असतात. तिथे कारखान्यातून येणारी बकहॉर्न साइट, म्हणजे नेम धरायची मागची उघडी खाच, आड येते: तिची दोन उंच शिंगे निम्मी पाटी झाकून टाकतात.

पहिला उपाय कानशीचा. शिंगे घासून माथा सपाट करायचा, मधे उथळ, रुंद व्ही ठेवायचा आणि पुढे जाडसर पितळी मण्याची माशी (नळीच्या टोकाची पुढची साइट) बसवायची. खर्च किरकोळ. पण कानस दोन-चार वेळा फिरवली की थांबा, गोळी झाडून बघा. मागची साइट उतरली की मारा खाली जातो, माशी घासली की वर. घासलेले परत येत नाही! ऊन एका बाजूने पडले की गोल मणी त्याच बाजूला चमकतो आणि नेम चुकतो. म्हणून मण्याचा पुढा सपाट करून घ्यावा.

दुसरा उपाय टँग साइट, म्हणजे मुठीवरच्या धातूच्या पट्टीवर (टँगवर) उभी केलेली भोकाची साइट. तिची बारीक भोकाची चकती काढली की मोठे भोक उरते. डोळा आपोआप मध्य शोधतो, माशी तेवढी बघायची. चाळिशीनंतर मागची खाच धूसर दिसणाऱ्यांना हे वरदानच. अडचण अंगठ्याची: मुठीवरून पलीकडे टाकायला जागा उरत नाही, तो उजवीकडेच ठेवायची सवय लावावी लागते.

नजर तरुण असेल तर मी कानसच हाती देईन. माझ्या स्वतःच्या रायफलीवर मात्र टँग साइटच आहे.