भंगार म्हणून गेलेले अस्सल पार्ट

जुनी जावा मोटरसायकल कुणाकडे रिस्टोरेशनला, म्हणजे मूळ रूपात आणायला देणार असाल तर नवीन काय बसवलं यापेक्षा जुनं काय काढलं याचा हिशेब आधी मागा. डुप्लिकेट पार्ट गळ्यात मारणारे सगळीकडे आहेत, त्याबद्दल लोक सावधही असतात. पण गाडीतून निघालेला अस्सल पार्ट ‘भंगार’ म्हणून ठेवून घ्यायचा आणि दुसऱ्याला सोन्याच्या भावाने विकायचा, हा धंदा फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या गाडीत दोन्ही झालं.

गाडी म्हैसूरच्या आयडियल जावाची, 1966 ची 250 सीसीची. त्या कारखान्यात 1961 पासून गाड्या बनत होत्या, 1996 ला तो बंद पडला. त्यामुळे आज कुणी ‘कंपनीचा नवाकोरा पार्ट’ म्हणत असेल तर तो एकतर कुणाच्या माळ्यावर पडून राहिलेला माल, नाहीतर काल-परवा ओतलेली नक्कल. पहिला प्रकार दुर्मिळ, दुसरा पोत्याने मिळतो.

ज्याच्याकडे काम दिलं तो बोलायला गोड. “साहेब, सगळं न्यू ओल्ड स्टॉक टाकतो, म्हणजे त्या काळचा पण न वापरलेला माल. एका जुन्या डीलरचं दुकान बंद झालं, अख्खा माल मी उचललाय.” काम झाल्यावर पुरावा म्हणून पार्टची रिकामी पाकिटंही हातात दिली. ग्रीस लागलेला तपकिरी कागद, पिवळं पडलेलं लेबल, त्यावर 1965 साल आणि म्हैसूरचा पत्ता. पत्त्याच्या शेवटी सहा आकडी पिनकोड! आपल्याकडे पिनकोड आला 15 ऑगस्ट 1972 ला. वर राज्य म्हणून ‘कर्नाटक’ छापलेलं, आणि ते नाव 1973 चं. ओलं बोट फिरवलं तर लेबलाचा पिवळेपणा बोटाला आला. चहाच्या पाण्यात बुडवलं असावं. निदान पत्ता तरी जुन्या पाकिटावरून उतरवायचा!

गाडी दिसायला झकास होती. चालवायला घेतली की आयडलिंग टिकेना, रेस आपोआप चढायची, इंजिन तापायचं आणि शेवटी पिस्टन जाम. रिस्टोरेशनवाल्याचं उत्तर तयार होतं: तुम्ही पेट्रोलमध्ये ऑइल कमी टाकलं. मी लिटरला 40 मिली मापून टाकत होतो. दुसऱ्या मेकॅनिकने कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करणारा पार्ट) उतरवला आणि उजेडात धरला. ‘जिकॉव्ह’ ही कार्बोरेटरच्या कंपनीच्या नावाची उठावाची अक्षरं कडेने गोल, सुजल्यासारखी. अस्सल कार्बोरेटरवर ती धारदार असतात. अस्सल पार्टवरूनच साचा घेऊन नक्कल ओतली की धातू थंड होताना आकसतो आणि नक्कल मूळ मापापेक्षा जराशी लहान भरते. डोळ्याला ते दिसत नाही, पण फ्लँज (इंजिनला जोडायची चपटी बाजू) नीट बसत नाही, आतली वर-खाली होणारी स्लाइड ढिली राहते आणि तिथून हवा ओढली जाते. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. मिश्रणात हवा जास्त झाली की पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पोचतं. पिस्टन जाम होण्यामागे हे होतं.

मग माझा कार्बोरेटर कुठे गेला? गाडी खोलताना मी जुने पार्ट मागितले होते, तेव्हा हा हसून म्हणाला होता, “साहेब, भंगाराचं काय करणार घेऊन?” पुढे एका ओळखीच्याने विकायला आलेल्या जिकॉव्हचा फोटो दाखवला. फ्लँजच्या कडेला पाना घसरून पडलेली तिरपी खोच. माझ्या गाडीच्या जुन्या फोटोत अगदी तीच खोच, त्याच जागी. विचारल्यावर रिस्टोरेशनवाला म्हणतो, असे ओरखडे हजार कार्बोरेटरवर असतात.

म्हणून सांगतो, गाडी देण्याआधी कार्बोरेटर, डायनॅमो, हेडलाइटचं घर, स्पीडोमीटर, टाकी यांचे जवळून फोटो काढा आणि न दिसणाऱ्या जागी पंचाने एकेक ठिपका मारून ठेवा. टाकीवर आधी चुंबक फिरवा, पुटीचा थर असेल तिथे तो धरत नाही. ‘काढलेला प्रत्येक पार्ट परत, तुटका असला तरी’ हे कागदावर लिहून सही घ्या. जो यावर कुरकुर करेल त्याला गाडी देऊ नका. चांगल्या प्रतीची नक्कल वापरायला माझी हरकत नाही, काही पार्टना इलाजच नसतो. फक्त बिलावर ‘रिप्रॉडक्शन’ असं लिहून द्यायला हवं.

आणखी एक. इंजिनची केस, म्हणजे बाहेरचं कवच बदलू, त्यावर जुना नंबर मी पंच करून देतो, असंही त्याने सुचवलं होतं. त्याला मी साफ नकार दिला. आरसीवरचा नंबर असा ठोकणं हा सरळ गुन्हा आहे. शिवाय 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 ला आलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार चालत नाही.

त्याच्या कच्च्या बिलावर ‘सर्व पार्ट ओरिजनल’ असं त्याच्याच अक्षरात लिहिलेलं आहे. ते बिल, पाकिटं आणि दोन्ही फोटो जोडून ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. मुदत घटनेपासून दोन वर्षांची असते, तेव्हा भांडणात वेळ घालवू नका. फ्लँजवर तिरपी खोच असलेला जिकॉव्ह कुणाला विकायला आला, तर तो कुठल्या गाडीतून निघाला ते विचारा.