निचऱ्याचा पाइप आणि परसातला आरसी ट्रॅक: वापरून सांगतो

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांवर लिहिणारे ढिगानं आहेत. मोटार कुठली, बॅटरी किती एमएएचची, शॉकमध्ये तेल कुठलं, सगळं मिळतं. पण घरामागं मातीचा ट्रॅक करायचा तर त्याच्या काठाला काय लावायचं, यावर मराठीत चार ओळी सापडत नाहीत. म्हणून हा रिव्ह्यू गाडीचा नाही, पाइपाचा आहे. ८० मिमी व्यासाचा, पिवळा, वळ्यावळ्यांचा, भोकं असलेला पीव्हीसी पाइप. क्षारपड रानातलं पाणी काढायला जमिनीत पुरतात तोच. कंपनीचं नाव देत नाही, कारण मी दोन-तीन ठिकाणचे तुकडे एकत्र वापरलेत आणि काठ म्हणून त्यांच्यात डावं-उजवं करण्यासारखं काही नाही.

आमचं घर सांगली जिल्ह्यात, आष्ट्याच्या अलीकडं, काळ्या रानात. कृष्णा-वारणेच्या या पट्ट्यात उसाला पाणी पाजून पाजून कित्येक रानं चोपण झाली. वर मिठासारखा पांढरा थर, खाली पाणी तुंबलेलं. अशा रानात साधारण मीटर-सव्वा मीटर खोल चर काढून हे पाइप ठराविक अंतरावर टाकतात, पाणी भोकांतून आत येतं आणि उतारानं मोठ्या पाइपात जातं. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रानं यावर बरंच काम केलंय. त्यामुळं आमच्याकडं हा पाइप अनोळखी नाही. बांधावर वेटोळी पडलेली दिसतातच. अमेरिकेतल्या क्लबांचे मातीचे ट्रॅक व्हिडिओत बघितले तर काठाला असाच निचऱ्याचा पाइप दिसतो, बहुतेक काळा. तिथल्या लोकांनी तो दुकानातून आणला, मला तो शेजारच्या रानात मिळाला, एवढाच फरक.

खरेदीचं मात्र सांगायला हवं. शेतीच्या पाइपांच्या दुकानात गेलो तर मालकानं पहिला प्रश्न टाकला, "किती एकराला पाहिजे?"

"दोन गुंठ्याला," म्हटलं.

"दोन गुंठ्यात कशाचा निचरा करताय पाव्हणं?"

पोरांच्या गाड्यांचा ट्रॅक म्हटल्यावर त्यानं चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. माणूस चांगला होता, चहा पाजला, पण तोडून द्यायला तयार नाही. अख्खं वेटोळं घ्या नाहीतर जावा. मला एवढं लागणार नव्हतं. शेवटी निचऱ्याची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराकडं गेलो. रानातलं काम संपलं की त्यांच्याकडं दहा-पंधरा फुटांचे तुकडे उरतात आणि ते शेडच्या मागं पडून असतात. वर गुंडाळलेल्या फिल्टरच्या कापडासकट मिळाले. कापड ब्लेडनं काढून टाकायचं, ट्रॅकच्या काठाला त्याचा उपयोग नाही. उलट त्यात माती अडकून गाळ होतो. तर पहिला सल्ला हाच: दुकानात जाण्याआधी ठेकेदाराला विचारा. सगळा पाइप मिळून मला गाडीच्या एका चांगल्या लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीच्या पैशात पडला.

आता काम कसं करतो ते. काठाची दोन कामं असतात. गाडीला वाट दाखवायची, आणि चुकली तर तिला न मोडता परत आत ढकलायचं. विटा पहिलं काम झकास करतात, दुसऱ्यात नापास. माझ्या पुतण्याची स्वस्तातली बगी (लहान टायरची बुटकी आरसी गाडी) विटेच्या कोपऱ्याला भिडली आणि पुढचा सस्पेन्शन आर्म मुळातून गेला. बांबूच्या कामट्या दिसायला छान, पण फुटल्या की टोकं वर येतात आणि टायरला भोसकतात. जुने टायर कापून लावणारे आहेत, पण त्यांत पावसाचं पाणी साठतं आणि डास होतात. डेंग्यूच्या मोसमात घरात कोण ऐकून घेणार? ठिबकची १६ मिमीची लॅटरल (बारीक नळी) टाकली तर गाडी तिच्यावरून निवांत पलीकडं जाते, काठ आहे हे तिला कळतसुद्धा नाही.

निचऱ्याचा पाइप यांच्या मधोमध बसतो. माझी गाडी ट्रॅक्सस कंपनीची स्लॅश, १/१० मापाची (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची) शॉर्ट कोर्स ट्रक, रुंदी २९६ मिमी आणि टायर पाइपापेक्षा उंच. पाइप नुसता जमिनीवर ठेवला तर जोरात आलेली स्लॅश त्यावर चढते आणि उलटते. एक तृतीयांश पुरला, म्हणजे वर साधारण ५० मिमी ठेवला, की चित्र बदलतं. तिरकी आलेली गाडी टायरची बाजू पाइपाला घासत जाते. टायरचे गट्टे पाइपाच्या वळ्यांत धरतात, तेव्हा टर्रर्र असा आवाज येतो, वेग मरतो आणि नाक आपोआप आत वळतं. समोरून ठोकली तर पाइपाची भिंत आत दबते आणि परत फुगते. माझी पोरगी तर वळणावर मुद्दाम पाइपाला मागचं चाक टेकवून गाडी फिरवते. तिला ब्रेक मारायला कुणी शिकवलंच नाही, पाइपानं ती सवय लावूनही घेतली नाही.

वळण घ्यायला एल्बो-बिल्बो लागत नाही, हा याचा मोठा गुण. वळ्यांमुळं पाइप हातानं हवा तसा वाकतो. फक्त वेटोळ्याची सवय जात नाही. सरळ काठाला लावला की टोकं वर उचलली जातात. उन्हात दुपारभर ताणून, टोकांवर दगड ठेवून टाकला की सरळ होतो. बसवायला ६ मिमीची सळई वाकवून यू आकाराचे हूक केले, फूटभर लांब, आणि दर तीन फुटांवर ठोकले. वळणाच्या बाहेरच्या बाजूला दीड फुटावर, कारण सगळा मार तिथंच बसतो. हूक वळ्यांमधल्या खाचेत बसला पाहिजे. फुगीर भागावर बसवला तर डोकं वर राहतं आणि गाडीच्या बंपरला अडकतं. दोन तुकडे जोडायला कपलिंग मिळतं, पण मी एका टोकाला चार बोटं उभा काप देऊन, चेपून, दुसऱ्यात सारला. जोड गाडीच्या दिशेनं ठेवायचा, म्हणजे कड अंगावर येत नाही.

भोकांचा फायदा पावसाळ्यात कळला. सिमेंटचा किंवा विटांचा काठ खालच्या बाजूला बांध होऊन बसतो आणि ट्रॅकवर तळं साठतं. हा पाइप पाणी आत घेतो आणि अर्धवट पुरलेला असल्यानं उतारानं पुढं नेतो. खालच्या कोपऱ्यात त्याचं तोंड नारळाच्या आळ्यात सोडलंय. आमच्या अण्णांनी आयुष्यभर हा पाइप जमिनीत पुरलेलाच बघितलाय. पहिल्या दिवशी म्हणाले, "आरं, रानातलं पाणी काढायचा पाइप वरच टाकून ठिवलायस व्हय?" जुलैत नारळाकडं धार लागलेली बघून गप्प बसले. अण्णांच्या भाषेत गप्प बसणं म्हणजे पाच तारे.

पण पाइप कितीही चांगला असला तरी खालची माती धड नसेल तर उपयोग शून्य. काळ्या मातीवर थेट ट्रॅक करायचा विचारही करू नका. उन्हाळ्यात तिला पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती टायरला अशी चिकटते की चार फेऱ्यांत गाडीचं वजन दुप्पट वाटतं. वरची काळी माती काढून मुरूम टाकावा लागतो. माझी वाट सहा फूट रुंद आणि एक फेरी साधारण दीडशे फूट, म्हणजे ९०० चौरस फूट. चार इंच थराला तीनशे घनफूट, म्हणजे तीन ब्रास. रोलर फिरला की मुरूम बसतो, म्हणून चार ब्रास मागवला. मुरूम टाकणाऱ्याकडं गौण खनिजाची रॉयल्टी पावती मागा. ट्रॅक्टर रस्त्यात अडवला गेला तर नसता ताप.

नुसत्या मुरमावरही भागत नाही. खडे सुटतात, उडतात आणि गिअरच्या झाकणात जाऊन बसतात. म्हणून वरचा दोन इंच थर चाळलेल्या मुरमाचा, त्यात वीटभट्टीला वापरतात ती चिकट माती साधारण तिसरा हिस्सा. पाणी मारायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी ओल हाताला लागते पण चिकटत नाही अशा वेळी रोलर. शाळेच्या क्रिकेट पिचचा हात-रोलर मागून आणला. उतार दहा फुटाला अडीच इंच धरला. कमी दिला तर पाणी थांबतं, जास्त दिला तर वरची माती वाहून जाते.

आमच्या भागात माती म्हटलं की प्रत्येकाला तालीम आठवते. एका वस्तादांनी मनापासून सांगितलं, "ताक घाला, हळद घाला, तेल घाला, माती लोण्यासारखी होईल." होईलच. पण हौद्यातली माती मऊ, भुसभुशीत हवी, पैलवान त्यावर पडणार असतो. ट्रॅकची माती कडक, गुळगुळीत आणि वर किंचित ओलसर हवी, तरच टायर धरतो. वस्तादांना नाही कसं म्हणायचं, म्हणून हळदीचं तेवढं करतो म्हटलं. धूळ दाबायला कुणी काकवी सुचवली होती. मुंगळ्यांची जत्रा भरवायची असेल तर जरूर करा. मी संध्याकाळी झारीनं पाणी मारतो, तेवढं पुरतं.

आता पाइपाची वाईट बाजू. हा माल जमिनीखाली राहण्यासाठी केलेला आहे, उन्हात तापण्यासाठी नाही. पीव्हीसी उन्हात फिका पडतो, मग कडक होतो, आणि मग जिथं मार बसतो तिथं वळीच्या रेषेत चिरतो. माझा दक्षिणेकडचा काठ एप्रिल-मेचं ऊन खाऊन असाच झालाय. बोटानं दाबला तर आता दबत नाही, टकटक वाजतो. पांढरा रंग मारल्यावर फरक पडला, पण गाड्यांनी तो घासून काढला. काळा एचडीपीईचा तसलाच पाइप मिळत असेल तर तो घ्या. त्यात मिसळलेली कार्बनची काजळी ऊन अडवते. किंमत जास्त आहे, आणि काळा पाइप मेच्या दुपारी हात लावू देत नाही, हेही आहे.

दुसरी अडचण पाहुण्यांची. उघडं तोंड दिसलं की बेडूक आत जातो, आणि बेडूक गेला की त्याच्या मागं कोण येतं ते खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. सगळी तोंडं टोपणांनी बंद करा. पाणी बाहेर सोडायचं एकच तोंड ठेवा आणि त्याला बारीक तारेची जाळी लावा. जाळी लावायच्या आधी एका सकाळी पाइप उचलला तर खाली विंचू निघाला. तेव्हापासून सौ.चा नियम आहे: पाइप सरकवायचा तो काठीनं, आणि पोरांनी अजिबात नाही.

१०० मिमीचा घेऊ का, असं एक-दोघांनी विचारलं. नको. तो पुरायला खोल खणावं लागतं, वळण मोठं घेतो, आणि लहान पोरांच्या १/१८ मापाच्या गाड्या त्याच्या आड दिसेनाशा होतात. ६३ मिमीचा मिळाला तर बगीवाल्यांना चालेल, बगीचे टायर लहान असतात. फक्त तो फारसा पुरू नका.

गच्चीवर किंवा फरशीवर ट्रॅक करणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. हूक ठोकायला माती लागते, नुसता ठेवलेला पाइप पहिल्याच धडकेत निघून जातो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना मात्र मी हाच सुचवेन. हूक उपसले, पाइप गुंडाळला, टेम्पोत टाकला की झालं. मुरूम तेवढा मालकाला ठेवून जावा लागेल, आणि चार ब्रास मुरूम फुकट मिळाल्यावर डिपॉझिट परत द्यायला तो कुरकुर करणार नाही, असं आपलं माझं मत.

यंदा दिवाळीनंतर दक्षिणेचा काठ काळ्या पाइपानं बदलतोय. निघालेल्या पिवळ्या तुकड्यांपैकी सावलीत होते ते चांगले आहेत. आष्टा-मिरज भागात कुणाला छोटा ट्रॅक करायचा असेल तर घेऊन जावा, पैसे नकोत. येताना हूक उपसायला एक पहार आणा.