घरून काम करणाऱ्या टीमसाठी बुकस्टॅक: ४/५

रिमोट टीममधलं निम्मं ज्ञान चॅटमध्ये असतं आणि तिथेच गाडलं जातं. कोणीतरी विचारतं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सोय) का लागत नाहीये, कोणीतरी चार ओळीत सांगतं, त्यावर एक अंगठा पडतो, विषय संपला, आणि दोन महिन्यांनी नवीन आलेली पोरगी परत तेच विचारते. त्यात स्लॅक या ऑफिस चॅटच्या ॲपचा फुकट प्लॅन असेल तर ९० दिवसांच्या मागचं दिसतच नाही, आणि २०२४ पासून तर वर्षापेक्षा जुनं ते पुसूनच टाकतात. म्हणून मग आम्ही बुकस्टॅक घेतलं.

ओपन सोर्स विकी आहे, म्हणजे सगळ्या टीमने मिळून लिहायची माहितीची वही, आणि तिचा कोडही सगळ्यांना खुला, २०१५ पासून चालू आहे, सॉफ्टवेअरला पैसे शून्य. आधी शेल्फ, त्यात पुस्तक, पुस्तकात प्रकरण, प्रकरणात पान, बास, याच्या खाली जाताच येत नाही. टीममधल्या दोघातिघांनी यावर नाकं मुरडली, त्यांना फोल्डरात फोल्डर हवं होतं, पण मला विचाराल तर हीच त्याची खरी मजा आहे कारण लिहिणाऱ्याला ठरवावंच लागतं की हे नक्की कुठे जातं, आणि शोधणारा पण बरोबर तिथेच जाऊन बघतो. आमचा एक जण टोरांटोला आहे, तो सकाळी लॉगिन करतो तेव्हा आपल्याकडे दिवेलागण झालेली असते, त्याला फोन करून विचारायची सोयच नाही, त्यामुळे हँडओव्हरचं, म्हणजे काम पुढच्याकडे सोपवतानाचं पान नीट लिहिलेलं असलं की त्याचा अख्खा दिवस वाचतो हो.

सगळ्यात भारी काय, तर एका पानातला मजकूर दुसऱ्या पानात जसाच्या तसा ओढून आणता येतो. व्हीपीएनची माहिती एकदाच लिहायची आणि पाहिजे त्या पानात नुसता त्या पानाचा नंबर टाकायचा, मूळ पान बदललं की सगळीकडे बदलतं. जुनी आवृत्ती परत आणता येते, आकृत्या पानातच काढता येतात, मार्कडाउनवाले (म्हणजे चिन्हं टाकून मजकूर सजवणारे) आणि साधा एडिटरवाले दोघेही खूष.

आता कुरकुर. गूगल डॉक्ससारखं दोघांनी एकाच वेळी टाइप करणं इथे नाही, दुसरा कोणी त्या पानात असेल तर फक्त सूचना येते, मग आपण चॅटवर ओरडायचं 'बाहेर ये रे'. आणि सर्व्हर आपला आपण चालवायचा, म्हणजे अपडेट कोणीतरी करायचे, बॅकअप पण डेटाबेस आणि अपलोड केलेल्या फायली असा दोन्हीचा घ्यायचा, नुसता डेटाबेस घेऊन भागत नाही. टीममध्ये लिनक्सची (असे सर्व्हर ज्यावर चालतात ती सिस्टीम) भीती न वाटणारं एक तरी माणूस नसेल तर या भानगडीत पडू नका, सरळ महिन्याचे पैसे भरून दुसरं काहीतरी घ्या.

एक स्टार मी मराठीसाठी कापलाय. पान मराठीत मस्त दिसतं, पण मूळ सेटिंगवर पीडीएफ काढली की देवनागरीची वाट लागते. आम्ही सरळ ब्राउझरमधूनच प्रिंट मारून पीडीएफ काढतो, ती व्यवस्थित येते.